चिचुंद्रीची लाल मोटार आणि चिखलाची चार बोटे

तळे होते. तळ्याला काठ होता. काठावर एक चिचुंद्री राहात होती. तिचे नाव टिल्ली.

टिल्ली एवढीशी. शेपूट एवढेसे. नाक मात्र लांब.

टिल्लीची एक मोटार होती. लाल मोटार. करवंटीची. तिला चार चाके, बटणांची. तिला एक आरसा, टिकलीएवढा. आणि तिला एक भोंगा. पों पों!

आज दसरा. दसऱ्याला गाडी धुवायची असते. टिल्लीने मोटार धुतली. घासली. पुसली. वरून खोबरेलाचा हात दिला. मोटार अशी चमकली, अशी चमकली, की टिल्लीला तिच्यात आपले नाक दिसले. सगळे नाक दिसले. एवढे लांब, तरी दिसले.

मोटारीला वाहायला टिल्लीने झेंडूचे एक फूल आणले होते. पिवळे. गोल. टपोरे. फूल कुठून आणले? ते पुढे येईल. आत्ता मोटारीकडे पाहा.

तळ्याच्या पलीकडे टिल्लीच्या आत्याबाई राहात होत्या. आत्याबाईंचे गुडघे दुखत. त्यांना चालवत नसे. टिल्लीने त्यांना शब्द दिला होता.

"आत्याबाई, सूर्य मावळायच्या आत येते. तुम्हाला मोटारीत बसवते. आपट्याच्या झाडाकडे नेते."

आत्याबाई नवे लुगडे नेसल्या. दारात पाट मांडून बसल्या. वाट पाहू लागल्या.

टिल्ली हळदकुंकू आणायला घरात गेली. आत गेली, बाहेर आली. तेवढ्यात काय झाले?

थपाक!

मोटारीच्या नाकावर एक बेडूक बसला होता.

बेडूक फार सभ्य. चिखलाचे पाय घेऊन तो कुणाच्या घरात जात नसे. मोटारीवर मात्र जात असे. त्याला स्वतःचा दगड होता. चांगला रुंद. चांगला गार. पण रोज रोज काय आपल्याच दगडावर बसायचे?

त्याने विचारले का? छे! विचारले, तर कुणी "नाही" म्हणते. मग उगाच विचारावे कशाला?

बेडकाने आरशात पाहिले. गाल फुगवले. भोंगा दाबला. पों पों! आणि लाल मोटारीवर चिखलाचा हात टेकला. बोटे उमटली. एक, दोन, तीन, चार.

मोटारीची चमक गेली. टिल्लीचे नाक दिसेना.

"बेडूकराव," टिल्ली म्हणाली, "ही मोटार माझी आहे."

"असू दे की. मी कुठे माझी म्हणतो?"

"मग उतरा."

"कशाला? मी नुसता बसलो आहे. बसल्याने काय झिजते?"

"चिखल लागला!"

"लागला तर लागला. तो माझा चिखल आहे. मी काही मागितला का परत?"

असा उदार बेडूक. त्याने झेंडूकडेही हात नेला. टिल्लीने चटकन फूल उचलले. काखेत धरले. आणि निघाली.

लुटुलुटु, लुटुलुटु. काखेत झेंडू.

सूर्य ताडाच्या डोक्यावर होता.

तळ्यात बगळा उभा होता. एका पायावर. पांढराशुभ्र.

"बगळेबुवा, बगळेबुवा, बेडूक उठवा.
बेडूक मोटारीवरून हलेना.
आत्याबाई बसल्या दारात,
माझी मोटार काही निघेना!"

"अरेरे," बगळा म्हणाला. "फार वाईट. लोकांना वळण कसे ते नाही."

"नाही ना! मग चला."

"चलू कसा? ते पाहा."

बगळ्याची एक होडी होती. निळी होडी. डुबुक डुबुक. तिच्यात नवी गादी होती. गादीवर कोण होते? मांजर! मांजर काही करीत नव्हते. नुसते झोपले होते. गादीवर. दुसऱ्याच्या. पाय पसरून.

"मनीबाई, उतरा ना," टिल्ली म्हणाली.

मांजराने एक डोळा उघडला. दुसरा उघडण्याइतके काही मोठे काम नव्हते.

"मी नुसती झोपले आहे. झोपल्याने काय झिजते?"

आणि तो डोळाही मिटला.

"मांजराला नखे आहेत," बगळा हळूच म्हणाला. "मला पांढरी पिसे आहेत. मी इथून हलत नाही. हललो, तर आणखी कुणी येऊन बसेल. मांजर होडीतून उतरेल, तर मी बेडूक उठवीन. तुझे फूल मात्र सुरेख आहे हो."

"आहेच मुळी," टिल्ली म्हणाली.

लुटुलुटु, लुटुलुटु. काखेत झेंडू.

सूर्य ताडाच्या खांद्यावर आला.

चिंचेखाली कुत्रा बसला होता. कान पाडून.

"कुत्रेदादा, कुत्रेदादा, मांजर हाकला.
मांजर होडीतून उतरेना.
बगळा बेडूक उठवीना.
बेडूक मोटारीवरून हलेना.
आत्याबाई बसल्या दारात,
माझी मोटार काही निघेना!"

"मांजर?" कुत्रा म्हणाला. "मांजर हाकलायला मला आनंदच होतो. पण ते ऐक."

ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

कुत्र्याची एक सायकल होती. हिरवी सायकल. आज तिला गोंडे लावले होते. दोन होते. आता एक होता. दुसरा शेळीच्या तोंडात होता. शेळीने पुढचे दोन पाय सायकलवर ठेवले होते. आणि नाकाने घंटी वाजवीत होती.

"शेळीबाई, ती सायकल कुत्रेदादांची आहे," टिल्ली म्हणाली.

"ठाऊक आहे मला," शेळी म्हणाली. "मी नुसती वाजवते आहे. वाजवल्याने काय झिजते?"

"आणि गोंडा?"

"गोंडा वाजत नाही. म्हणून खाल्ला."

ट्रिंग ट्रिंग!

"सकाळपासून असे चालले आहे," कुत्रा म्हणाला. "शेळीला शिंगे आहेत. मला नाक आहे. नाजूक आहे. मी इथून हलत नाही. हललो, तर आणखी कुणी येऊन बसेल. शेळी सायकल सोडील, तर मी मांजर हाकलीन." मग त्याने हुंगले. "वास छान येतो आहे. झेंडू वाटते?"

"हो. माझा झेंडू," टिल्ली म्हणाली.

लुटुलुटु, लुटुलुटु. काखेत झेंडू.

सूर्य ताडाच्या कमरेवर आला.

बांधावर बैल उभा होता. मोठा बैल. शिंगांना रंग. गळ्यात घुंगुरमाळा. छुम छुम.

"बैलमामा, बैलमामा, शेळी हुसकावा.
शेळी सायकल सोडीना.
कुत्रा मांजर हाकलीना.
मांजर होडीतून उतरेना.
बगळा बेडूक उठवीना.
बेडूक मोटारीवरून हलेना.
आत्याबाई बसल्या दारात,
माझी मोटार काही निघेना!"

बैलाने सगळे ऐकले. बैल सावकाश ऐकतो. मग म्हणाला, "हं."

पुष्कळ वेळाने पुन्हा म्हणाला, "हं. वर बघ."

बैलाचा एक छकडा होता. स्वतःचा, बरे का. स्वतः ओढायचा आणि स्वतः मिरवायचा. आज छकड्यावर माकड होते. माकड फार कामात होते. त्याने चाकाला लाथ मारली. ठक! दुसऱ्या चाकाला मारली. ठक! मग दांडी ओढून पाहिली. मग फळी उचकटून पाहिली.

"माकडभाऊ, हे काय चालले आहे?" टिल्लीने विचारले.

"तपासणी," माकड म्हणाले. "चाक ठीक. दांडी ठीक. फळी जरा सैल आहे."

"ती तुम्हीच सैल केली!"

"म्हणून तर मला कळले. मी नुसता तपासतो आहे. तपासल्याने काय झिजते? काय हो बैलोबा, पळतो किती हा?"

ठक!

बैलाच्या डोळ्यांत पाणी आले. प्रत्येक लाथेला त्याची पाठ थरथरत होती.

"माकडाला हात आहेत," बैल म्हणाला. "मला खूर आहेत. ते वर, मी खाली. मी इथून हलत नाही. हललो, तर आणखी कुणी येऊन बसेल. माकड छकड्यावरून टळेल, तर मी शेळी हुसकावीन." मग तो थांबला. "टिल्ले, तुझ्या काखेतले फूल मी खाऊ का?"

"मुळीच नाही! माझे आहे!"

"बरे," बैल म्हणाला. आणि त्याने खाल्ले नाही.

पाहिलेत? बैलाने विचारले. बैल असून विचारले. "नाही" ऐकले. आणि त्याला काही झाले नाही.

लुटुलुटु, लुटुलुटु. काखेत झेंडू.

सूर्य ताडाच्या गुडघ्यावर आला. तळ्यापलीकडे आत्याबाई उठल्या. पाहिले. पुन्हा बसल्या.

रस्त्यावर हत्ती उभा होता. डोंगराएवढा.

"हत्तीआजोबा, हत्तीआजोबा, माकड पळवा.
माकड छकड्यावरून टळेना.
बैल शेळी हुसकावीना.
शेळी सायकल सोडीना.
कुत्रा मांजर हाकलीना.
मांजर होडीतून उतरेना.
बगळा बेडूक उठवीना.
बेडूक मोटारीवरून हलेना.
आत्याबाई बसल्या दारात,
माझी मोटार काही निघेना!"

"बाळ, मी पळवले असते," हत्ती म्हणाला. "पण माझ्याच डोक्याला ताप आहे."

हत्तीचा एक रोडरोलर होता. पिवळा रोडरोलर. गडगड, गडगड. त्याच्यावर पोपट बसला होता. येणाऱ्याला सांगत होता, "हा माझाच." जाणाऱ्याला सांगत होता, "हा माझाच." कुणी येत नव्हते, कुणी जात नव्हते, तेव्हा ढगाला सांगत होता, "हा माझाच."

"पोपटराव," टिल्ली म्हणाली, "हा हत्तीआजोबांचा आहे."

"ते मला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे. ढगाला कुठे ठाऊक आहे? मी नुसता बोलतो आहे. बोलल्याने काय झिजते?"

"आणि चोचीने रंग का काढता?"

"माझे नाव लिहितो आहे."

हत्तीने सोंड उचलली. पोपट उडाला. हत्तीने सोंड खाली केली. पोपट बसला. हत्तीने सोंड उचलली. पोपट उडाला. हत्तीने सोंड खाली केली. पोपट बसला.

"सकाळपासून हाच व्यायाम," हत्ती म्हणाला. "पोपटाला पंख आहेत. मला वजन आहे. मी इथून हलत नाही. हललो, तर आणखी कुणी येऊन बसेल. पोपट रोलरवरून उडेल, तर मी माकड पळवीन." मग त्याने टिल्लीकडे पाहिले. वाकून पाहिले. "हा झेंडू कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो."

"झेंडू सगळे सारखेच असतात," टिल्ली म्हणाली. जरा घाईने म्हणाली.

लुटुलुटु, लुटुलुटु. काखेत झेंडू.

सूर्य ताडाच्या पावलांशी आला. आता फार वेळ नव्हता.

कुंपणाशी एक झेंडूचे झाड होते. झाडावर एक देठ होता. नुसता देठ. वर फूल नाही. देठावर मधमाशी बसली होती. गप्प बसली होती.

टिल्ली धापा टाकीत म्हणाली,

"मधमाशीताई, मधमाशीताई, पोपट उडवा.
पोपट रोलरवरून उडेना.
हत्ती माकड पळवीना.
माकड छकड्यावरून टळेना.
बैल शेळी हुसकावीना.
शेळी सायकल सोडीना.
कुत्रा मांजर हाकलीना.
मांजर होडीतून उतरेना.
बगळा बेडूक उठवीना.
बेडूक मोटारीवरून हलेना.
आत्याबाई बसल्या दारात,
माझी मोटार काही निघेना!"

"झाले बोलून?" मधमाशीने विचारले.

"झाले."

"लोक फार वाईट आहेत."

"फारच!" टिल्ली म्हणाली.

"न विचारता बसतात."

"बसतात हो!"

"न विचारता ओढतात. न विचारता खातात."

"खातात! गोंडे खातात!"

"न विचारता तोडून नेतात."

"तोडून ने..." टिल्ली म्हणाली. आणि थांबली.

"काखेत काय आहे?" मधमाशीने विचारले.

"झेंडू."

"कुठला?"

"झाडाचा."

"कोणत्या झाडाचा?"

टिल्लीने झाडाकडे पाहिले. देठाकडे पाहिले. फुलाकडे पाहिले नाही.

"मी नुसते एक फूल तोडले," टिल्ली म्हणाली. "तोडल्याने काय झिजते?"

 

हे वाक्य टिल्लीने कुठेतरी ऐकले होते. कुणाचे बरे? बेडकाचे. मांजराचे. शेळीचे. माकडाचे. पोपटाचे. आणि आता चिचुंद्रीचे. अभिनंदन.

मधमाशी म्हणाली, "तुला मोटार आहे. बगळ्याला होडी आहे. मला पालखी होती. पिवळी. गोल. वारा आला, की झुलायची. आज दसरा. म्हणून मी तिला पहाटे दवाने धुतले. मध आणायला घरात गेले. आत गेले, बाहेर आले. तेवढ्यात पालखी गेली. तेव्हापासून या देठावर बसून आहे. मला नांगी आहे. पोपटाला मी आत्ता उडवीन. पण मी इथून हलत नाही. पालखी माझी मिळेल, तर मी पोपट उडवीन."

टिल्लीने फूल काखेतून काढले. मोटारीला वाहायला हेच एक फूल होते. दुसरे नव्हते.

तिने सूर्याकडे पाहिले. सूर्य लाल झाला होता.

तिने मधमाशीकडे पाहिले. मधमाशीला बसायला देठ होता. देठ टोचत होता.

"मधमाशीताई," टिल्ली म्हणाली, "मी विचारले नाही. तुमची पालखी मी तोडली. माझे चुकले."

एवढेच म्हणाली. पण तेवढे म्हणायला फार वेळ लागला. सगळे रडके गाणे गायला लागला नव्हता, इतका वेळ लागला.

तोडलेले फूल पुन्हा उगवत नाही. हे टिल्लीला आधी ठाऊक नव्हते का? चांगले ठाऊक होते. म्हणून आता काम वाढले. तिने गवताची एक पात घेतली. फूल देठावर टेकवले. पात गुंडाळली. एक वेढा. दोन वेढे. तीन वेढे. दातांनी गाठ मारली.

मधमाशी पालखीत बसली. वारा आला. पालखी झुलली.

"जरा तिरकी झाली आहे," मधमाशी म्हणाली.

"हो," टिल्ली म्हणाली.

"पण झुलते. चल!"

गूं गूं गूं! मधमाशी निघाली. मागे टिल्ली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. काखेत काही नाही.

मधमाशीने नांगी दाखवली.
पोपट रोलरवरून उडाला. "हा माझा नाही! हा माझा नाही!" ढगालाही सांगितले.

भों भों! हत्तीने माकड पळवले.
माकड छकड्यावरून टळले. धूम ठोकली. तपासणी अर्धी राहिली.

छुम छुम! बैलाने शेळी हुसकावली.
शेळीने सायकल सोडली. एक शेवटचे ट्रिंग. संपले.

भू भू! कुत्र्याने मांजर हाकलले.
मांजर होडीतून उतरले. दोन्ही डोळे उघडून उतरले.

टक टक! बगळ्याने चोच वाजवली. बेडूक उठवला.
बेडूक मोटारीवरून हलला. डुबुक! गेला पाण्यात.

टिल्लीने फडके घेतले. बोटे पुसली. चार, तीन, दोन, एक. मोटार चमकली. टिल्लीचे नाक दिसले. सगळे दिसले.

पण मोटारीला वाहायला फूल नव्हते. टिल्ली उभी राहिली. मग हळूच म्हणाली,

"मधमाशीताई, तुमच्या झाडाखाली एक पाकळी गळून पडली आहे. ती मी घेऊ का?"

"विचारलेस?" मधमाशी म्हणाली.

"विचारले."

"मग घे."

टिल्ली धावत गेली, धावत आली. मोटारीवर हळदकुंकवाची दोन बोटे लावली. आपली बोटे. आपल्या मोटारीवर. वर ती एक पाकळी ठेवली. एवढीशी मोटार, एवढीशी पाकळी. बरोबर बसली.

पाण्यातून दोन डोळे वर आले. बेडकाचे.

"टिल्लीबाई," बेडूक म्हणाला, "मी एकदा हात लावू का?"

पाहा! विचारले त्याने!

टिल्लीने त्याचे हात पाहिले. दोन्ही चिखलाचे होते.

"नाही," टिल्ली म्हणाली.

"बरे," बेडूक म्हणाला.

आणि जाऊन आपल्या दगडावर बसला. दगड रुंद होता. गार होता. त्यावर चार बोटे उमटली. कुणी काही बोलले नाही. दगड त्याचा होता.

पों पों! लाल मोटार निघाली. तळ्याला वळसा घालून गेली. दारात आत्याबाई बसल्या होत्या. गुडघ्यांवर हात ठेवून. सूर्य अजून बोटभर शिल्लक होता.

आत्याबाई उठल्या. मोटारीपाशी आल्या. हात मागे धरून उभ्या राहिल्या.

"टिल्ले," त्या म्हणाल्या, "बसू का गं?"

"बसा, आत्याबाई, बसा!"

आत्याबाई बसल्या. नवे लुगडे सावरून बसल्या. पों पों! पों पों!

आपट्याच्या झाडाखाली सगळ्या गाड्या रांगेत लागल्या. मोठा रोडरोलर. मागे छकडा. मागे सायकल, एका गोंड्याची. तळ्यात होडी. आणि सगळ्यांच्या पुढे, ऐटीत, लाल मोटार. सगळे दोन पावले लांब उभे राहिले. सगळ्यांनी पाहिले. कुणीही हात लावला नाही.

आणि काय झिजले? काही नाही.

मोटार पोचली झाडाशी, गोष्ट पोचली कानाशी. आता पुस्तक मिटायचे. पुस्तक कुणाचे आहे? आधी त्याला विचारा. मग मिटा.